टॅक्सी टेशपर्यंतच

परदेशवारीतल्या विमानप्रवासावरून घरात कधी भांडण होत नाही. मुंबईहून झुरिक थेट विमानाने साधारण नऊ तास, आणि ते नऊ तास वैमानिक बघून घेतो. ‘जरा डावीकडून घाला, तिकडे गर्दी कमी असते’ असं त्याला कुणी सांगायला जात नाही. खरी चुरस विमान उतरल्यावर. झुरिकचा विमानतळ ते मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं झरमॅट हे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचं अंतर असं आहे, की त्यावर ज्याला त्याला मत असतं. आणि ज्याने स्वित्झर्लंड फक्त हिंदी सिनेमात पाहिलंय, त्याचं मत सगळ्यांत पक्कं असतं.

जाणारे आम्ही चौघे. मी, बायको, बायकोचे धाकटे बंधू म्हणजे आमचे मेहुणे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेली माझी आत्या. आत्याला न्यावं की नाही याची चर्चा सुरू होण्याआधीच तिने पासपोर्ट काढून आणला होता. गुडघ्यांचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, “गुडघे माझे आहेत. तुम्ही तुमच्या पोटांकडे बघा.” तिची अट एकच. विमानतळाबाहेर आपल्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा हवा.

आत्याच्या हिशेबात प्रवासाला दोन माणसं लागतात. एक पोचवायला, एक घ्यायला. मधे विमान आहे, आगगाडी आहे की बैलगाडी, हा तपशील. त्यामुळे तिचा पहिला प्रश्न, “घ्यायला कोण येणार?” झुरिकला माझा भाचा असतो, तो गाडी घेऊन येईल हे तिने धरूनच चाललं होतं. भाचा व्हिडिओ कॉलवर आला आणि म्हणाला, “आजी, माझ्याकडे गाडी नाहीये.”

“बिघडली का?”

“नाही, घेतलीच नाही.”

“इतकी वर्षं नोकरी करतोस तिकडे...” पुढचं वाक्य आत्याने गिळलं, कारण त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. झुरिक शहरातल्या निम्म्याहून जास्त घरांत गाडी नसते, असं भाच्याने समजावून सांगितलं. त्या खुलाशाने त्याची बाजू काही सावरली नाही. उलट झुरिकचंच आत्याच्या मनातलं स्थान जरा खाली आलं.

मग विषय टॅक्सीवर आला. आल्प्समध्ये याला ट्रान्स्फर म्हणतात आणि हा तिथला मोठा धंदा आहे. विमानतळावर नावाची पाटी, सामानाला हात, लहान मूल असेल तर वेगळी खुर्ची, आणि थेट रिसॉर्ट. बर्फाच्या मोसमात तिथले बंगले आणि फ्लॅट शनिवार ते शनिवार भाड्याने जातात. त्यामुळे हिवाळ्यातल्या शनिवारी जिनिव्हाच्या विमानतळावर निम्मं इंग्लंड येत असतं आणि उरलेलं निम्मं परतत असतं, प्रत्येकाच्या खांद्यावर त्याच्याहून उंच पिशवी. आम्हाला स्की करायचं नव्हतं. आम्हाला फक्त बर्फात उभं राहून फोटो काढायचा होता, आणि त्याला ट्रान्स्फरवाले सारखेच पैसे घेतात.

भाड्याचा आकडा आला. आत्याने तो रुपयांत करून मागितला. मेहुण्यांनी केला. एका फ्रँकला शंभराच्या वर रुपये पडतात. आत्या थोडा वेळ पंख्याकडे बघत बसली आणि म्हणाली, “फ्रँकमध्येच सांग. ऐकायला बरं वाटतं.”

तरीही टॅक्सी ठरत आली होती. आत्याचे गुडघे, चौघांचं सामान आणि मेहुण्यांचं ‘एकदाच तर जातोय’ हे तत्त्वज्ञान अशी भक्कम बाजू होती. पण बायकोला बारीक अक्षरातला मजकूर वाचायची सवय आहे. औषधाच्या बाटलीपासून लग्नपत्रिकेपर्यंत ती सगळं शेवटपर्यंत वाचते. तिने वाचलं आणि विचारलं, “अहो, हे टेश काय आहे? इथे लिहिलंय, प्रवास टेश येथे संपेल.”

टेश हे झरमॅटच्या अलीकडे पाच किलोमीटरवर असलेलं गाव. झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. तुमची गाडी दीड कोटीची असो नाहीतर भाड्याची, ती टेशला ठेवायची आणि पुढे रेल्वेच्या शटलने बारा मिनिटं जायचं. हे परक्या माणसाला पटवून द्यायला वेळ लागतो, पण मराठी माणसाला एका शब्दात कळतं. मी म्हणालो, “दस्तुरी नाका.” आत्याचा चेहरा एकदम उजळला. माथेरानला ती कितीदा गेलेली. नाक्यावर गाडी सोडायची, पुढे पायी, घोड्यावर नाहीतर हातरिक्षात, हे सगळं तिला पाठ. “मग घोडे असतील,” ती म्हणाली. आहेत, पण ते हॉटेलच्या बग्गीला जुंपलेले. बाकी गावात फिरतात त्या विजेवर चालणाऱ्या डबड्या गाड्या, आणि त्या बनतातही गावातच. टेशच्या नाक्यावर मात्र माकडं नाहीत. तिथे दोन हजारांवर गाड्यांची छपराखालची सोय आहे आणि दर वीस मिनिटांनी शटल सुटते.

तर आत्याचा मुद्दा असा झाला, की एवढे पैसे मोजून जर नाक्यावरच उतरायचं, तर त्यात माणसाने घ्यायला येण्याचा काय उपयोग? हा प्रश्न इतका बिनतोड होता, की टॅक्सी तिथेच बारगळली.

याची वाटच बघत असल्यासारखे मेहुणे पुढे सरसावले. त्यांना गाडी स्वतः चालवायची होती. ताम्हिणी घाट पावसात चालवलेल्या माणसाला आल्प्सचं काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मोबाइलवर बघून बघून मार्गही काढला होता: झुरिकहून आंडरमाट, तिथून फुर्का घाट, आणि पलीकडे र्‍होन नदीच्या खोऱ्यात उतरायचं. फुर्काची उंची 2,429 मीटर. 1964 सालच्या ‘गोल्डफिंगर’मध्ये जेम्स बाँडने याच घाटात गाडी हाकली होती. मेहुण्यांनी त्यासाठी काळा चष्माही बघून ठेवला होता.

स्वित्झर्लंडच्या घाटात काही नियम आहेत आणि ते आपल्याला जड जातात. जिथे पिवळ्या कर्ण्याची निळी पाटी दिसेल, त्या रस्त्यावर पोस्टाच्या पिवळ्या बसचा मान पहिला. अवघड जागी ती समोर आली, तर बसचा ड्रायव्हर सांगेल तसं तुम्ही मागे जायचं, हवं तर सबंध वळण रिव्हर्स घेऊन. वळणावर ती बस जो तीन सुरांचा हॉर्न वाजवते तो रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ ऑपेराच्या सुरावटीतून घेतलाय. हे ऐकल्यावर मेहुणे जरा गप्प झाले. समोरून एस.टी. आली तर आपण काय करतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यात रिव्हर्स कधी नसतो.

पण मेहुण्यांना खरा धक्का बसला तो कॅलेंडरचा. आम्ही जाणार मे महिन्यात, आणि मे महिन्यात फुर्का बहुधा बर्फाखाली बंदच असतो. मग काय करायचं? त्यालाही सोय आहे. रेआल्पला तुमची गाडी तुमच्यासकट आगगाडीवर चढवायची आणि डोंगराच्या पोटातून पंधरा किलोमीटरच्या बोगद्याने ओबरवाल्डला उतरायचं. हा बोगदा 1982 चा. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, तुम्ही आत स्टिअरिंगवर हात ठेवून अंधारात बसलेले. बर्नकडून आलात तरी तेच. कांडरस्टेगला गाडी रेल्वेवर आणि गोपेनस्टाइनला खाली.

“म्हणजे बघ,” बायको भावाला म्हणाली. “चाळीस फ्रँकचं स्टिकर लावून हायवेवर जायचं, घाटाखालून गाडी आगगाडीवर घालायची, मग टेशला भाडं भरून ती उभी करायची आणि आपण परत आगगाडीतच बसायचं. तुला स्वतःला स्वित्झर्लंड बघायचंय की गाडीला दाखवायचंय?”

मेहुण्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून हेलिकॉप्टर सुचवलं. एअर झरमॅट नावाची कंपनी तिथे 1968 पासून आहे आणि डोंगरात अडकलेल्यांना खाली आणण्यात तिचं नाव मोठं आहे. जानेवारी 2018 मध्ये बर्फाचे कडे कोसळायच्या भीतीने रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाले आणि सुमारे तेरा हजार पर्यटक झरमॅटमध्ये अडकले, तेव्हा त्यातल्या काहींना हेलिकॉप्टरनेच बाहेर काढलं. आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, “अडकल्यावर बघू.”

आता खरं म्हणजे भाच्याने पहिल्याच दिवशी एका ओळीत उत्तर पाठवलेलं होतं: ‘मामा, ट्रेनने या.’ पण घरातल्या मुलाने दिलेला सल्ला लगेच मान्य करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्याला आधी बाकीचे सगळे पर्याय पडावे लागतात.

ट्रेनवर आमचा अविश्वास होता तो बदलण्यावरून. झुरिक विमानतळाहून विस्प नावाच्या गावापर्यंत मोठी गाडी, दोन-अडीच तास. विस्पला डोंगरातली छोटी गाडी, तासाभराहून थोडी जास्त. आणि विस्पला मधे वेळ किती? आठेक मिनिटं. मेहुण्यांना वाटलं छपाईची चूक असेल. चार माणसं, सामान आणि आत्या यांनी आठ मिनिटांत फलाट बदलायचा? कल्याणला सरकता जिना चालू असतानाही हे होत नाही.

भाच्याने मग आमचा स्विस वेळापत्रकाचा वर्ग घेतला. आपल्याकडे आधी रूळ टाकतात, मग गाडी सोडतात, आणि मग ती पोचेल त्यानुसार वेळ ठरते. स्विस लोकांनी 1982 साली देशभर उलटं केलं: आधी वेळापत्रक. दर तासाला, त्याच मिनिटाला, दिवसभर गाडी. मग त्यांनी ठरवलं की मोठ्या स्टेशनांत सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या आसपास एकत्र याव्यात, पाच-दहा मिनिटं थांबाव्यात, लोकांनी एकीतून दुसरीत जावं, आणि सगळ्या पुन्हा पांगाव्यात. त्यासाठी झुरिक ते बर्न तासाच्या आत यायला हवं होतं. येत नव्हतं. म्हणून त्यांनी नवीन रूळ टाकले आणि 2004 साली ते अंतर 56 मिनिटांवर आणलं. त्याहून कमी करायची त्यांना घाई नव्हती. तासाच्या आत बसलं, झालं. या सगळ्या खर्चाला 1987 साली लोकांनी सार्वमत घेऊन संमती दिली होती. पुढे 2007 साली लोच्बर्गच्या डोंगराच्या तळातून साडेचौतीस किलोमीटरचा बोगदा काढला आणि विस्पही या जाळ्यातलं एक ठाणं झालं. तेव्हा ती आठ मिनिटं कुणाच्या हलगर्जीपणातून उरलेली नाहीत. ती आठच असावीत म्हणून एका देशाने डोंगर पोखरलाय.

“पण पहिली गाडी लेट झाली तर?” मेहुणे.

“तर पुढची येते, मामा. तासा-अर्ध्या तासात.” आमचे मेहुणे त्याचेही मामाच झाले.

“आणि तीही चुकली तर?”

“तर पुढची.”

या उत्तरात वाद घालायला जागा नव्हती, आणि वादाला जागा नसलेली योजना आमच्या घरात आजवर कुणी पाहिली नव्हती. नाइलाजाने ती मंजूर झाली.

तेवढ्यात आत्याने सामानाचा विषय काढला. सामान स्टेशनावर देऊन परस्पर हॉटेलवर पोचवायची सोय तिकडची रेल्वे पैसे घेऊन करते. आम्ही ती नाकारली, कारण मेहुण्यांच्या मते बॅग डोळ्यांसमोर असेल तरच ती आपली. बॅगांत काय होतं ते सांगत नाही, पण व्हिसाच्या अर्जात रोजचा कार्यक्रम आणि तीस हजार युरोंचा विमा दाखवावा लागतो तसा फराळाचा तपशीलही मागितला असता, तर पुरवणी जोडावी लागली असती. त्यातून साजूक तुपाची बरणी शेवटच्या रात्री काढली गेली. आपल्याकडून स्वित्झर्लंडमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे बायकोने बारीक अक्षरात वाचलं होतं. आत्याचं म्हणणं, “तूप दुधाचं कुठे? लोण्याचं.”

झरमॅटला पूर्वी जायचे कसे, हे वाचलं म्हणजे आपल्या तक्रारी जरा मऊ होतात. विस्पहून झरमॅटला रेल्वे आली 1891 साली, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं ती फक्त उन्हाळ्यात चालायची. त्याआधी पायी नाहीतर खेचरावर. 1865 च्या जुलैत एडवर्ड व्हिम्पर पहिल्यांदा मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोचला, 4,478 मीटरवर. सातजण वर गेले आणि उतरताना दोर तुटून चौघे दरीत पडले. त्या बातमीने युरोप हादरला आणि झरमॅटला माणसांची रीघ लागली. लोक कशाने आकर्षित होतील, याचा भरवसा देता येत नाही.

या रिघेतच मार्क ट्वेन आला आणि 1880 साली ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ या पुस्तकात त्याने झरमॅटच्या ट्रान्स्फरवर जे लिहून ठेवलंय त्याला तोड नाही. तो वर डोंगरात आहे आणि खाली गावात जायचंय. हिमनदी सरकते, असं त्याला पुस्तकात वाचायला मिळतं. मग पायपीट कशाला? तो सगळा लवाजमा घेऊन गोर्नर हिमनदीवर तळ ठोकतो. मधला भाग जास्त वेगाने सरकतो म्हणून स्वतः मधे बसतो, आणि जड सामान कडेला ठेवतो, कारण कडेचा बर्फ हळू जातो आणि मालगाडीचं भाडं कमी पडतं. गाडी काही सुटत नाही. शेवटी हिशेब करतो तेव्हा कळतं, की झरमॅट यायला पाचशेहून जास्त वर्षं लागणार. आमच्या मेहुण्यांना हे वाचून दाखवलं. ते गंभीरपणे म्हणाले, “भावोजी, सामान डोळ्यांसमोरून हललं की हे असं होतं.”

आता प्रत्यक्षात. झुरिकला पहाटे उतरलो. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे, आणि तिथल्या सामानाच्या ट्रॉल्या सरकत्या जिन्यावर तशाच चढवता येतात; चाकं पायऱ्यांना धरून बसतात. हे खरं आहे, पण स्वतःच्या बॅगांनी भरलेली ट्रॉली पहिल्यांदा उतरत्या जिन्यावर ढकलायला जिगर लागतं. मेहुण्यांनी ढकलली आणि शेवटपर्यंत डोळे मिटून घेतले. काळ्या चष्म्यामुळे ते बाहेरून दिसलं नाही. भाचा फलाटावर हजर होता. त्याच्या हातात कागदावर मोठ्या देवनागरीत आत्याचं नाव होतं. ‘घ्यायला माणूस’ हे कलम त्याने असं निकालात काढलं, आणि गाडी नसण्याचा गुन्हा तिथल्या तिथे माफ झाला.

फलाटावरच्या घड्याळाकडे मेहुण्यांचं लक्ष होतं. हान्स हिल्फिकर नावाच्या इंजिनिअरने 1944 साली केलेला हा नमुना: पांढरी तबकडी, काळे काटे, पुढे त्याला तांबडा सेकंदकाटा जोडला, टोकाशी गार्डाच्या हातातल्या थाळीसारखी चकती. हा काटा बाराच्या आकड्यावर आला की क्षणभर थांबतो. तो थांबलेला बघून मेहुणे आनंदाने ओरडले, “बंद पडलं! यांचंही बंद पडतं!” तेवढ्यात मिनिटकाटा टुणकन पुढे सरकला, दारं मिटली आणि आमच्यासमोरची एक गाडी निघून गेली. काटा मुद्दामच थांबतो; मुख्य घड्याळाकडून पुढच्या मिनिटाचा हुकूम येईपर्यंत. सुदैवाने ती गाडी आमची नव्हती.

आमच्या गाडीत आत्याने सीटचा नंबर विचारला. रोजच्या स्विस गाड्यांत जागा राखून ठेवायची गरज नसते, मिळेल तिथे बसायचं. हे तिला फारच आवडलं. खिडकीतून रुमाल टाकायची तिची तयारी होती, पण खिडक्या उघडत नाहीत, आणि डबा तसाही निम्मा रिकामा होता. रिकाम्या डब्यात जागा पकडण्यात गंमत नाही म्हणून ती झोपली.

बर्ननंतर थूनचं तळं लागतं. तिथे गप्पा आपोआप थांबतात; त्यावर आणखी काही लिहायचा मोह टाळतो. पण एक मत नोंदवून ठेवतो. नवा बोगदा वेळ वाचवतो आणि देखावा खातो. ज्यांना तासभर हाताशी आहे त्यांनी स्पीत्झहून 1913 सालच्या जुन्या मार्गाने, कांडरस्टेगवरून जावं. गाडी वळणं घेत चढते आणि पलीकडे र्‍होनचं खोरं खाली उघडतं. आम्ही मात्र विस्पच्या आठ मिनिटांच्या धास्तीने बोगद्यातूनच गेलो.

ती धास्ती बघण्यासारखी होती. विस्प यायला अजून अर्धा तास असताना सगळं सामान दारापाशी रचलं गेलं. मेहुणे आघाडीला, मी पिछाडीला, आत्या मधे, आणि बायको सर्वांची पाण्याची बाटली सांभाळून. तिकीट तपासनीस आला, आमची फळी बघून अदबीने बाजूने गेला. बोगद्यातल्या अंधारात आम्ही तसेच उभे. गाडी थांबली, आम्ही धावलो, फलाटाखालच्या वाटेने पलीकडे गेलो आणि छोट्या तांबड्या गाडीत बसलो. तीन मिनिटं लागली. उरलेली पाच मिनिटं संशयात गेली. “इतक्या लवकर मिळाली म्हणजे चुकीची असणार,” मेहुणे म्हणाले आणि खाली उतरून पाटी वाचून आले. मग बायको वाचून आली. मग, खरं सांगतो, आत्यासुद्धा दारापर्यंत गेली.

इथून पुढे चढ. जिथे तो फारच उभा होतो तिथे गाडी रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत आपलं चक्र अडकवते आणि खुरडत वर जाते. खाली विस्पा नदी दुधाळ पाण्याने आदळत असते. रांडा गावापाशी उजव्या हाताला करड्या दगडांचा प्रचंड ढीग दिसतो. 1991 च्या वसंतात इथला कडा दोनदा कोसळला, सुमारे तीन कोटी घनमीटर दगड खाली आला, रूळ आणि रस्ता गाडला गेला, नदी तुंबली. माणूस एकही दगावला नाही. रेल्वेने रूळ उचलून बाजूला नेले आणि गाड्या पुन्हा चालू केल्या. वेळापत्रकाच्या मागे काय काय उभं असतं ते अशा जागी कळतं. डब्यातले सगळे या ढिगाकडे बघत होते, मेहुणे घड्याळाकडे. गाडी दीड मिनिट लेट होती. ते दर स्टेशनाला ताजी बातमी देत होते.

टेश आलं. छपराखाली रांगेने उभ्या गाड्या, आणि आपापल्या बॅगा ओढत शटलकडे चाललेले त्यांचे मालक. आमच्या मेहुण्यांनी खिडकीतून त्यांच्याकडे असं काही बघितलं, जसं काही गाडी चालवायची कल्पना त्यांच्या मनाला कधी शिवलीच नव्हती.

झरमॅटला स्टेशनाबाहेर हॉटेलची विजेची गाडी उभी होती. हॉटेलने आधी मेल करून ‘कोणत्या गाडीने येणार’ असं विचारलं होतं, आणि ‘दुपारपर्यंत येऊ’ हे उत्तर त्यांनी ग्राह्य धरलं नव्हतं. गाडी म्हणजे पत्र्याची चौकोनी पेटी. सामान आत गेल्यावर त्यात एकाच माणसाची जागा उरली. आत्या त्यात बसली आणि आम्ही तिघे, भर रस्त्यात, मागून चालत. रस्त्यावर हॉर्न नाही, धूर नाही. ती पेटी मात्र इतकी आवाज न करता मागून येते, की चालणाऱ्याला सतत मागे वळून बघावं लागतं. मॅटरहॉर्न ढगात होता. मेहुण्यांनी चॉकलेटच्या वेष्टनावरचा डोंगर दाखवायला खिशातून टॉब्लेरोन काढलं, तर त्यावरही तो नव्हता. उत्पादनाचा काही भाग देशाबाहेर गेल्यामुळे 2023 साली मॅटरहॉर्नचं चित्र वेष्टनावरून काढायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी 1898 सालच्या दातेरी रेल्वेने गोर्नरग्राटवर, 3,089 मीटरला गेलो तेव्हा तो पूर्ण उघडा भेटला. आत्याने त्याला नमस्कार केला आणि विचारलं, “इथून खाली जायची शेवटची गाडी किती वाजता?”

जाणार असाल तर थोडं सांगून ठेवतो. मे महिन्यात झरमॅटची बरीच हॉटेलं आणि पाळणे डागडुजीसाठी बंद असतात, तेव्हा हॉटेल उघडं आहे ना ते आधी विचारा. स्टेशनापासून किती मिनिटं हे विचाराल, तर किती चढ हेही विचारा. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर झरमॅटपर्यंतचा रेल्वेप्रवास त्यात येतो, गोर्नरग्राटला मात्र निम्मं भाडं पडतं. सामान रेल्वेच्या ताब्यात देऊन टाका. मेहुण्यांसारखे मेहुणे बरोबर असतील तर त्यांना न सांगता द्या. आणि परतीचं विमान सकाळचं असेल तर आदली रात्र झुरिकलाच काढा. झरमॅटहून विमानतळावर पोचायला साडेतीन तास लागतात, आणि ते कुणाच्या ओळखीने कमी होत नाहीत.